"मॅडम, ऑब्जेक्ट दिसतो कुठे?" : पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

संगणक विषयाच्या अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य, पेपर काढणारे परीक्षक आणि पहिल्या वर्षाला ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवणारे माझे सहकारी यांना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल घेते. वर्गात फळ्यावर लिहिलेले मुलांच्या हातात कितपत उतरले ते मला रोज दिसते, कारण प्रयोगशाळेत पाठांतर कामाला येत नाही. स्क्रीनवर लाल अक्षरे आली की ज्याचे त्याला निस्तरावे लागते. हे पत्र बरेच दिवस मनात घोळत होते. कागदावर यायला एक प्रश्न निमित्त झाला.

विद्यार्थिनी अभ्यासू होती. एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या चारही शब्दांच्या व्याख्या तिला तोंडपाठ होत्या आणि लेखी परीक्षेत मार्कही चांगले पडले होते. त्या दिवशी तिचा प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला. विद्यार्थी नावाचा क्लास, आत नाव आणि क्रमांक, ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा एक कन्स्ट्रक्टर, माहिती छापणारी एक मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला सांगता येणारे काम. सही घ्यायला वही पुढे करताना ती थबकली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळं चालतंय. पण यात ऑब्जेक्ट दिसतो कुठे?" मी 'न्यू' (नवा ऑब्जेक्ट बनव, असे सांगणारा भाषेचा शब्द) लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवले. ती म्हणाली, "ती तर ओळ झाली. ऑब्जेक्ट कुठे आहे?"

तिचे बरोबर होते. ओळ फाइलमध्ये असते. ऑब्जेक्ट प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत तयार होतो, काही काळ राहतो आणि जातो. एक पूर्ण सत्र आम्ही त्याच्याविषयी बोललो, त्याची वैशिष्ट्ये लिहून घेतली, फायदे लिहून घेतले, आणि तो मात्र तिला एकदाही दाखवला नाही. माझी मागणी त्या प्रश्नातूनच आली आहे. पहिल्या अभ्यासक्रमात ऑब्जेक्ट आधी दाखवा, मुलांना हाताळू द्या, ऑब्जेक्ट एकमेकांना कामे सांगतात ते पाहू द्या. व्याख्या मागाहून येऊ दे. आणि परीक्षेतही तेच विचारा, कारण परीक्षेत जे येत नाही ते वर्गात टिकत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

आज पहिले प्रकरण कसे असते ते आठवून पाहा. प्रोसीजरल (एकामागून एक सूचनांची) आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड या पद्धतींतील फरकाचा तक्ता. मग वैशिष्ट्ये, मग फायदे. ज्या मुलाने आजवर पन्नास ओळींपेक्षा मोठा प्रोग्रॅम लिहिलेला नाही त्याला आपण सांगतो की मोठे प्रोग्रॅम सांभाळायला ही पद्धत सोपी जाते. त्याला मोठा प्रोग्रॅम सांभाळण्याचा त्रास कधी झालेलाच नाही, मग सोपे म्हणजे कशापेक्षा सोपे? पुढे व्याख्या येतात. ऑब्जेक्ट म्हणजे क्लासचा इन्स्टन्स, आणि क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा. एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यात शोधायचा आणि दुसऱ्याचा पहिल्यात. ज्याला दोन्ही ठाऊक नाहीत त्याला या दोन वाक्यांतून काहीच हाती लागत नाही, म्हणून तो पाठ करतो. त्याच्याकडे दुसरा इलाजच नसतो.

ही कल्पना मुळात जन्मली तेव्हा गोष्ट नेमकी उलट होती. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल यांना प्रत्यक्ष जगातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर चालवून पाहायची होती: रांगा, वाहतूक, यंत्रावर येणारी आणि खोळंबणारी कामे. अशा नकलेत एकाच प्रकारच्या कितीतरी गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. प्रत्येकीची स्थिती वेगळी, वागण्याचे नियम मात्र सारखे. हे लिहायला हाताशी असलेले साधन तोकडे पडू लागले, आणि त्या गरजेतून १९६७ च्या सिम्युला ६७ या भाषेत क्लास, ऑब्जेक्ट, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसीजर आले. २००१ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वांत मानाचा, दोघांना यासाठीच मिळाला. आधी गरज, मग कल्पना, आणि नाव सर्वांत शेवटी. आपण मुलांना या क्रमाच्या शेवटच्या टोकापासून शिकवायला घेतो.

म्हणून सुरुवात एखाद्या साध्या, पण अनेक प्रती लागणाऱ्या वस्तूपासून करावी. मी मोजणीयंत्र घेते. दारात उभे राहून आत जाणारी माणसे मोजण्यासाठी मुठीत धरायचे, अंगठ्याने दाबायचे छोटे यंत्र. त्याला एक नाव, आत एक आकडा. एक दाबले की आकडा एकने वाढतो, विचारले की किती झाले ते सांगतो. सहा दारे असतील तर सहा यंत्रे. दुसऱ्या दाराचे दाबले म्हणून पहिल्याचा आकडा हलत नाही. एवढे समजायला कुठलीच व्याख्या लागत नाही, आणि सहा यंत्रांचा कारखाना एकच, हे लक्षात आले की क्लास हा शब्द आपोआप जागेवर बसतो.

आता या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग. व्हेरिएबल आणि ऑब्जेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण जवळजवळ कुणालाच शिकवत नाही. मुले धरून चालतात की नाव म्हणजेच वस्तू. जावासारख्या भाषेत तसे नसते. व्हेरिएबलमध्ये वस्तूचा पत्ता असतो, वस्तू दुसरीकडे असते. हा भेद ज्याला कळला नाही त्याचे पुढचे प्रत्येक प्रकरण कच्च्या पायावर उभे राहते. लिस्टमध्ये एकच ऑब्जेक्ट दहादा घालून दहा वेगळे घातले असे समजणारा, मेथडला ऑब्जेक्ट दिल्यावर बाहेरचा कसा काय बदलला म्हणून गोंधळणारा, दोन स्ट्रिंगमधली अक्षरे सारखी असूनही दोन बरोबर चिन्हांनी केलेली तुलना खोटी का आली म्हणून तासभर अडकणारा, हे सगळे एकाच जागी अडखळलेले असतात. जावात इंटीजर या क्लासच्या (साध्या इंटच्या नव्हे) दोन व्हेरिएबलमध्ये १२७ ठेवून तशी तुलना करा, खरे येते. १२८ ठेवून करा, सहसा खोटे येते. वजा १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट जावा आधीच तयार ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते, त्याच्या पलीकडे नवे बनवते, म्हणून असे होते. ज्याच्या डोक्यात पत्ता आणि वस्तू वेगळे आहेत त्याला हे दोन मिनिटांत समजते. बाकीच्यांना वाटते की संगणकाच्या मनात येईल तसे तो वागतो, आणि ही समजूत एकदा बसली की मूल विचार करणे सोडून देते आणि चालेपर्यंत ओळी बदलत राहते. मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटते.

मी प्रयोगशाळेत या ओळी देते आणि मशीन बंद ठेवून कागदावर चित्र काढायला सांगते:

मोजणीयंत्र क = न्यू मोजणीयंत्र();
मोजणीयंत्र ख = न्यू मोजणीयंत्र();
मोजणीयंत्र ग = क;
क.वाढव();
ख.वाढव();
ग.वाढव();
ख = ग;
ख.वाढव();

ऑब्जेक्ट किती बनले? व्हेरिएबल किती आहेत? शेवटी क, ख आणि ग यांना "किती?" विचारले तर काय उत्तर येईल? जावात ऑब्जेक्ट दोन बनतात, व्हेरिएबल तीन आहेत, आणि तिघांकडून उत्तर ३ येते, कारण शेवटी तिघेही पहिल्याच यंत्राकडे बोट दाखवतात. दुसऱ्या यंत्रात १ हा आकडा होता. त्याच्याकडे जायची वाट सातव्या ओळीत तुटली. आता तो आकडा कुणालाही विचारता येणार नाही, आणि गार्बेज कलेक्टर, म्हणजे बिनवापराची मेमरी गोळा करणारा जावाचा भाग, सवडीने ती जागा मोकळी करील. पहिल्यांदा हे चित्र काढताना सातव्या ओळीवर मुले थांबतात, खोडरबर शोधतात, बाण पुसून दुसरीकडे नेतात. तो बाण हलवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहायला अभ्यास मंडळाच्या एखाद्या सदस्याने एकदा तरी यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता हेच सी प्लस प्लसमध्ये, न्यू न लिहिता, साधे ऑब्जेक्ट म्हणून लिहा. तिसऱ्या ओळीत क ची प्रत बनते. ऑब्जेक्ट तीन होतात, सातव्या ओळीत ग मधला आकडा ख मध्ये उतरवला जातो, आणि उत्तरे १, २, १ अशी येतात. दिसायला जवळपास तोच मजकूर आणि उत्तरे निराळी. एका सत्रात सी प्लस प्लस आणि पुढच्या सत्रात जावा शिकणाऱ्या मुलाला हा फरक कुणी सांगितला नाही, तर तो आधी शिकलेले घेऊन येतो आणि तेच त्याला पाडते. अभ्यासक्रमात या दोन भाषांमधील फरकाच्या तक्त्याला जागा आहे. या आठ ओळींना नाही.

दाखवायची साधने नाहीत, असेही नाही. मोनाश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी १९९९ च्या सुमारास ब्लूजे नावाची प्रणाली नेमकी याच कामासाठी केली. तिच्यात क्लासवर उजवे बटण दाबून थेट ऑब्जेक्ट बनवता येतो, तो खाली लाल चौकोन होऊन बसतो, त्याची मेथड हाताने चालवता येते, आत डोकावून आकडे पाहता येतात. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती मेन मेथड लिहावीच लागत नाही. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या पायथन ट्यूटरवर प्रत्येक ओळीसरशी बाण आणि चौकोन बदलताना दिसतात, आणि तिथे जावा व सी प्लस प्लसही चालते. दोन्ही फुकट आहेत. काहीच नसेल तर खडू आणि फळा आहे. त्या दिवशी मी त्या मुलीला फळ्यावरच दाखवले: डावीकडे नावे, उजवीकडे चौकोन, मधे बाण. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे पहिल्या तासाला का नाही सांगितलं?" तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून तो प्रश्न तुमच्याकडे पाठवत आहे.

मेन मेथडचा विषय निघालाच आहे तर तिच्याविषयीही सांगते. जावाच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये एक वाक्य छापायला मुलाला क्लास, पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड आणि स्ट्रिंगची ॲरे एवढे सगळे लिहावे लागायचे, आणि आम्ही म्हणायचो, "सध्या लिहून घ्या, अर्थ पुढे कळेल." पहिल्याच दिवशी मूल शिकते ते हे, की न कळता लिहायचे असते. खुद्द जावा घडवणाऱ्यांनी ही अडचण मान्य केली. २०२३ च्या जावा २१ मध्ये सुटसुटीत मेन मेथड चाचणीसाठी आली आणि सप्टेंबर २०२५ च्या जावा २५ मध्ये ती कायमची झाली. छोट्या प्रोग्रॅमला आता क्लासची चौकट आणि ती लांबलचक ओळ लागत नाही. भाषेने वाट मोकळी केली आहे. अभ्यासक्रमाने तिच्यावरून चालावे.

पण खरे नुकसान स्टॅटिक या शब्दाने होते. स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्टशिवाय, थेट क्लासच्या नावाने चालणारे. मूल स्वतःची एक मेथड लिहिते, मेनमधून थेट हाक मारते आणि कंपायलर सांगतो की नॉन-स्टॅटिक मेथड स्टॅटिक जागेवरून वापरता येत नाही. ते वाक्य खरे तर विचारत असते: कोणत्या ऑब्जेक्टची मेथड? तू ऑब्जेक्ट कुठे बनवलास? शिकवायला याहून चांगला क्षण मिळणार नाही. पण ऑब्जेक्ट कधी पाहिलेलाच नसतो, म्हणून शेजारचा सांगतो, "पुढे स्टॅटिक लाव, एरर जातो." एरर जातो. मग पुढच्या मेथडला, मग व्हेरिएबललाही स्टॅटिक लागते. आठवडाभरात पूर्ण प्रोग्रॅम स्टॅटिक होतो आणि त्यात एकही ऑब्जेक्ट उरत नाही. अशा प्रोग्रॅमला ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या प्रॅक्टिकलमध्ये पूर्ण मार्क मिळताना मी पाहिले आहेत, कारण आउटपुट बरोबर होते. त्यांतल्या काहींवर सही माझी आहे, आणि ती चूक मी इथे कबूल करते.

एक लहान सूचना, जी मला फार उपयोगी पडली. नवख्या मुलाला स्क्रीनवरचा कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपला, हेच कळत नसते. स्कॅनर हा शब्द भाषेने दिलेला, की टूलने, की पुस्तक लिहिणाऱ्याने ठेवलेला? जावात आणि पायथन ३ मध्ये क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावे देवनागरीत देता येतात. मी पहिले काही प्रोग्रॅम तसेच लिहायला लावते. जे देवनागरीत आहे ते तुम्ही ठेवलेले, हवे तसे बदला. जे रोमन लिपीत उरले ते भाषेचे किंवा तिच्यासोबत आलेल्या लायब्ररीचे. एका दृष्टिक्षेपात वाटणी होते. पुढे नोकरीत कुणी अशी नावे ठेवणार नाही, हे मला माहीत आहे. सायकलची आधाराची चाकेही पुढे काढून टाकतातच.

एन्कॅप्सुलेशनकडे, म्हणजे माहिती ऑब्जेक्टच्या आत झाकून ठेवण्याकडे वळते. आपण शिकवतो की डेटा प्रायव्हेट करा आणि प्रत्येकासाठी तो वाचणारा गेटर आणि तो बदलणारा सेटर लिहा. मुले इमानदारीने लिहितात. आकडा प्रायव्हेट, आणि तोच आकडा हवा तसा बदलणारा सेटर पब्लिक. दाराला कुलूप आणि किल्ली उंबऱ्यावर! १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी प्रोग्रॅमचे मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र भाग, कसे पाडावेत यावर जो लेख लिहिला त्याचा गाभा असा होता की पुढे बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या आत लपवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. मोजणीयंत्राला सेटर नसावाच. त्याला वाढव म्हणता येते, शून्यावर आण म्हणता येते, किती झाले ते विचारता येते. थेट सत्तावन्न कर, असे कुणाला म्हणता येऊ नये, नाहीतर ते मोजते यावर विश्वास कसा ठेवायचा? ही एक चर्चा वर्गात झाली तर प्रायव्हेट हा शब्द पाठ करावा लागत नाही.

आणि याच्याही आधी एक तास मशीनशिवाय घ्या. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये कार्डांची एक रीत मांडली. प्रत्येक कार्डावर क्लासचे नाव, त्याची जबाबदारी आणि त्याला मदत लागणारे इतर क्लास, एवढेच लिहायचे. मी ती थोडी बदलून वापरते. पाच मुलांना उभे करते. एक वाचनालय, एक सभासद, दोन पुस्तके, एक उसनवारीची नोंद. प्रत्येकाच्या हातात स्वतःचे कार्ड, माहिती फक्त आपल्याच कार्डावर. नियम एकच: दुसऱ्याच्या कार्डात डोकवायचे नाही, त्याला विचारायचे. सभासद म्हणतो, मला हे पुस्तक हवे. वाचनालय पुस्तकाला विचारते, तू मोकळे आहेस का? पुस्तक स्वतःचे कार्ड पाहून उत्तर देते. दहा मिनिटांत भांडण सुरू होते: परतीची तारीख कुणी लक्षात ठेवायची? पुस्तकाने, सभासदाने की नोंदीने? हे भांडण म्हणजेच डिझाइन. पुढची अनेक वर्षे त्यांना व्यवसायात हेच ठरवायचे असते, आणि आपण ते त्यांना तृतीय वर्षापर्यंत दाखवत नाही.

झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात स्मॉलटॉक ही भाषा घडवणारे ॲलन के गणित आणि जीवशास्त्र शिकलेले होते, आणि त्यांच्या मनात एकमेकींना निरोप धाडणाऱ्या पेशींचे चित्र होते. १९९८ मध्ये त्यांनी लिहिले की ऑब्जेक्ट हा शब्द आपण रूढ केला याचा खेद होतो, कारण त्यामुळे लोक लहान कल्पनेत गुंतले. मोठी कल्पना निरोपांची होती. त्या पाच मुलांच्या तासाला मला त्यांचे म्हणणे दर वेळी पटते. मुलांना कार्डावरचे तपशील आठवत नाहीत. कुणी कुणाला काय विचारले, ते नीट आठवते.

इन्हेरिटन्सविषयी, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास बनवण्याविषयी, मी कडक बोलणार आहे. ते फार लवकर आणि फार जास्त शिकवले जाते. प्राणी, त्यापासून कुत्रा आणि मांजर, एक भुंकते आणि एक म्यांव करते. प्रोग्रॅमला प्राण्यांशी काही कामच नसते, त्यामुळे कुत्रा हा प्राणी आहे या वाक्यापलीकडे मूल काही शिकत नाही, आणि ते वाक्य त्याला आधीच माहीत होते. उलट त्याला सवय लागते की जिथे 'हा तो आहे' असे म्हणता येते तिथे इन्हेरिटन्स लावावे. मग चौरस हा आयत आहे, लावा. आयताची रुंदी ५ आणि उंची ४ करून क्षेत्रफळ २० येईल असे धरणाऱ्या कोडला चौरस दिला की उत्तर १६ येते, कारण चौरसाने उंची बदलताना रुंदीही बदलली. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या व्याख्यानात मांडलेली कसोटी इथे सांगावी: जिथे मूळ प्रकार चालतो तिथे उपप्रकार ठेवला तरी प्रोग्रॅमचे वागणे बिघडता कामा नये. जाणत्यांचीही इथे चूक होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत स्टॅक (वरच ठेवायचे आणि वरूनच काढायचे अशी चळत) हा क्लास व्हेक्टरपासून (कुठेही वस्तू घालता येते अशी यादी) बनवला आहे, त्यामुळे स्टॅकच्या मध्यभागी वस्तू घुसवता येते, आणि तसे करता येऊ नये यासाठीच तर स्टॅक असतो. मुलांना हे दाखवले की त्यांना धीर येतो.

मी माझ्या बॅचला विचारते: शंभरवर थांबणारे मोजणीयंत्र हे मोजणीयंत्रच का? अर्धा वर्ग हो म्हणतो, अर्धा नाही, आणि दोघांकडेही कारणे असतात. पॉलिमॉर्फिझम, म्हणजे एकाच हाकेला प्रत्येक प्रकाराने आपापल्या परीने वागणे, मात्र त्रास झाल्यावरच द्यावे. तीन प्रकारची यंत्रे एकाच प्रोग्रॅममध्ये इफ-एल्सने हाताळायला लावा, चौथा प्रकार घालायला सांगा, आणि चार ठिकाणी तीच साखळी दुरुस्त करून झाली की मग दाखवा. त्या दिवशी तो शब्द कुणी विसरत नाही.

वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही विचाराल. पहिल्या अभ्यासक्रमातून व्हर्च्युअल बेस क्लास काढा, फ्रेंड फंक्शन काढा, ऑपरेटर ओव्हरलोडिंगचे सर्व प्रकार काढा, कन्स्ट्रक्टरच्या प्रकारांची यादी काढा. ते पुढे येईलच. काही प्रयोगशाळांत अजून सी प्लस प्लसच्या १९९८ च्या प्रमाणीकरणाआधीचे कंपायलर आहेत, ज्यांच्यावर शिकलेला कोड आजच्या कंपायलरवर पहिल्याच ओळीला अडतो. ते तर उद्याच काढा. भाषा कोणती असावी, ऑब्जेक्ट पहिल्या दिवसापासून की लूप आणि फंक्शननंतर, हा वाद जुना आहे. एसीएम आणि आयईईई या संगणक व अभियांत्रिकी क्षेत्रातल्या संस्थांच्या २००१ च्या अभ्यासक्रम शिफारशींतही दोन्ही वाटा शेजारी-शेजारी ठेवल्या होत्या. मी त्यात बाजू घेत नाही. दोन्ही वाटांनी आलेली मुले मला भेटली आहेत. अडतात ती ज्यांनी बाण काढलेले नाहीत तीच.

आता परीक्षा. ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंगमधील फरक लिहा, या प्रश्नाला पाच मार्क असतात आणि पाच मुद्दे पाठ असले की ते मिळतात. परीक्षकांचा यात दोष आहे असे मी मानत नाही. शेकडो उत्तरपत्रिका थोड्या वेळात तपासायच्या तर मुद्दे मोजणे सोपे पडते, आणि चित्र तपासायला प्रत्येकाचे डोके वाचावे लागते. तरीही माझी विनंती आहे की लेखी परीक्षेतला निदान एक मोठा प्रश्न कोड वाचण्याचा असावा. वर दिलेल्या आठ ओळी तशाच घ्या, माझी परवानगी मागायचीही गरज नाही. सातव्या ओळीनंतर मेमरीचे चित्र काढायला सांगा. दुसरे यंत्र कुठे गेले ते एका वाक्यात लिहायला सांगा. तोंडी परीक्षेत एन्कॅप्सुलेशन वगैरे चार आधारस्तंभांची नावे विचारण्याऐवजी मुलाच्याच प्रोग्रॅमवर बोट ठेवून विचारा की ही ओळ संपली त्या क्षणी किती ऑब्जेक्ट आहेत आणि कोण कुणाला ओळखते. ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिला आहे त्याला हे सांगता येते, आणि ज्याने तो उतरवून आणला आहे तोही घाबरून का होईना, आदल्या रात्री बाण काढून पाहतो.

तपासणीचा भार वाढेल, ही अडचण खरी आहे. म्हणून एक देऊ करते. या स्वरूपाचे वीस प्रश्न, प्रत्येकाचे अपेक्षित चित्र आणि अर्धवट बरोबर चित्राला किती मार्क द्यायचे याची टिपणे मी गेल्या काही बॅचेसबरोबर तयार केली आहेत. मुले नेमकी कुठे चुकतात तेही त्यात आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीला ती घेऊन यायची माझी तयारी आहे. तो प्रश्न पेपरात आला, तर त्याच्या उत्तरपत्रिका तपासायलाही मी येईन.

आपली,
पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल घेणारी एक शिक्षिका